सातवाहनांची वर्षे कशी मोजावीत: पांडवलेण्यांपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी

रामकुंडावर विधीला बसले की संकल्पात गोदावरीच्या तीराचा उल्लेख होतो आणि त्याच ओघात ‘शालिवाहन शके’ हे शब्द येतात. शालिवाहन म्हणजे सातवाहन, तेव्हा पैठणच्या त्या राजांनीच हा शक सुरू केला आणि त्यांच्या लेखांतील वर्षेही याच शकात मोजायची, असा समज नाशिकमध्ये पुष्कळांच्या मनात असतो. सातवाहनांचा कालक्रम स्वतः लावून पाहायचा असेल, तर हा समज सर्वांत आधी बाजूला ठेवावा लागतो. सातवाहन राजांच्या ज्ञात लेखांत शकाचा वापर नाही. शकाची वर्षे आढळतात ती त्यांचे प्रतिस्पर्धी असलेल्या पश्चिम क्षत्रपांच्या लेखांत आणि पुढे त्यांच्या नाण्यांवर. बदामीच्या लेण्यातील मंगलेशाच्या लेखात, म्हणजे इ.स. ५७८ मध्ये, ‘शकनृपतीच्या राज्याभिषेकापासून ५०० वर्षे’ अशीच मोजणी केलेली आहे. शालिवाहनाचे नाव या गणनेला त्यानंतर कित्येक शतकांनी, मध्ययुगात जोडले गेले.

मग सातवाहन वर्षे कशी मोजत? ते राज्यवर्ष मोजत. राजा गादीवर आला की पहिले वर्ष सुरू होई, आणि तो गेला की नव्या राजाबरोबर मोजणी पुन्हा एकापासून सुरू होई. त्यामुळे लेखात ‘१९’ हा आकडा वाचला, तर तो कोणाचा एकोणिसावा, हे कळल्याखेरीज त्याला काहीही अर्थ नसतो. पुढे दिलेली रीत याच एका अडचणीभोवती फिरते: सुट्या राज्यवर्षांना एका सलग दोरीत कसे ओवायचे, आणि ती दोरी इसवी सनाच्या कोणत्या खुंटीला बांधायची.

डोंगरावर जाताना

नाशिककरांचे भाग्य असे की, या अभ्यासाची मूळ कागदपत्रे शहरापासून अवघ्या आठ-एक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या डोंगरावर, दगडात कोरलेली आहेत. लेखांत या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी, असे येते. आपण त्याला पांडवलेणी म्हणतो. एकूण २४ लेणी आहेत. बहुतेक जण क्रमांकाप्रमाणे पाहत जातात, पण कालक्रमासाठी जाणाऱ्याने १९, १०, ३ आणि २० या क्रमाने जावे, आणि १० क्रमांकाच्या लेण्यापाशी शेवटी पुन्हा एकदा यावे. सोबत वही असावी आणि तिच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले असावेत: पहिल्यात लेखात प्रत्यक्ष काय कोरले आहे ते, दुसऱ्यात त्यावरून थेट निघणारा निष्कर्ष, आणि तिसऱ्यात इसवी सनाचा अंदाज. तिसरा रकाना पेन्सिलीने लिहावा. तो बदलणार आहे.

लेणे १९ हे लहान आहे, पण नाशिकमधील सातवाहनांचा सर्वांत जुना लेख तेथे आहे. ‘सादवाहनकुले कन्हे राजिनि’, म्हणजे सातवाहन कुळातील कृष्ण राजा असताना, नाशिकच्या श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या महामात्राने हे लेणे करविले, एवढाच त्याचा आशय आहे. नाशिक हे नाव त्यात स्पष्ट येते. वर्ष मात्र दिलेलेच नाही. अशा लेखाचा काळ अक्षरांच्या वळणावरून ठरवावा लागतो, आणि अक्षरवटिका पन्नास-पाऊणशे वर्षांच्या फरकाने सांगू शकते, नेमके वर्ष सांगू शकत नाही. म्हणून या लेखासमोरचा तिसरा रकाना मोकळा सोडावा. तेथे घाईने एखादा आकडा लिहिला की पुढचे सर्व गणित त्या आकड्याच्या आहारी जाते.

लेखातील तिथी उलगडताना

लेणे ३ च्या ओसरीत या विद्येचा खरा पाठ मिळतो. राजमाता गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या ‘सवछरे एकुनवीसे’, म्हणजे एकोणिसाव्या संवत्सरात, ‘गिम्हाण पखे बितीये’, म्हणजे ग्रीष्माच्या दुसऱ्या पक्षात, ‘दिवसे तेरसे’, म्हणजे तेराव्या दिवशी, लिहिलेला आहे. शब्दांबरोबर आकडेही आहेत, पण ते आजच्यासारखे स्थानमूल्याचे नाहीत: एकोणीस लिहिताना आधी दहाचे चिन्ह आणि मग नवाचे चिन्ह येते, चोवीस लिहिताना वीस आणि चार. शून्याचे चिन्ह या पद्धतीत नाही. शब्द आणि चिन्ह दोन्ही जपलेले असतील तेव्हा एकावरून दुसरे पडताळून घ्यावे. केवळ चिन्ह उरले असेल आणि दगड झिजलेला असेल, तर वाचनाविषयी सावध राहावे.

या तिथीत महिन्याचे नाव नाही, शुद्ध-वद्य नाही. सातवाहनांच्या रीतीप्रमाणे वर्षाचे तीन ऋतू होते, ग्रीष्म, वर्षा आणि हेमंत. प्रत्येक ऋतू चार महिन्यांचा, म्हणजे आठ पक्षांचा. चैत्रापासून आषाढापर्यंत ग्रीष्म, श्रावणापासून कार्तिकापर्यंत वर्षा, आणि उरलेले हेमंतात. महिना पौर्णिमेला संपतो असे धरले, तर ग्रीष्माचा पहिला पक्ष चैत्र वद्य आणि दुसरा चैत्र शुद्ध होतो. म्हणजे बलश्रीच्या लेखाची तिथी चैत्र शुद्ध त्रयोदशी ठरते. आज महाराष्ट्रात आपण अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे, महिने मानतो. तेच तेव्हाही होते असे धरले, तर दुसरा पक्ष चैत्र वद्य होतो आणि तिथी एका पंधरवड्याने पुढे सरकते. वहीत दोन्ही शक्यता लिहून ठेवाव्यात. राज्यवर्षाचे गणित पंधरवड्याने बिघडत नाही, पण आपण कोठे गृहीत धरले आहे, याची नोंद अभ्यासकाजवळ असलीच पाहिजे.

याच ओसरीत बलश्रीचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचे दोन आदेश आहेत. पहिला अठराव्या वर्षीचा, वर्षा ऋतूच्या दुसऱ्या पक्षातील पहिल्या दिवसाचा. विजयी सैन्याच्या छावणीतून राजा गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालिताला आज्ञा करतो की, पश्चिम काखडी गावातील २०० निवर्तने (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) शेत, जे आजवर क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे होते, ते त्रिरश्मीवरील भिक्षूंना द्यावे. गोवर्धन हे तेव्हाचे विभागाचे ठाणे, आणि गंगापूरजवळच्या गोवर्धन गावाच्या नावात ते आजही जिवंत आहे. दुसरा आदेश चोविसाव्या वर्षी, वर्षा ऋतूच्या चौथ्या पक्षातील पाचव्या दिवसाचा आहे, आणि त्यात राजमाताही सहभागी आहे: काखडीचे शेत कसले जात नाही आणि गावही वसत नाही, म्हणून त्याऐवजी दुसरीकडची १०० निवर्तने द्यावीत. पौर्णिमान्त रीतीने ही तिथी भाद्रपद शुद्ध पंचमी, म्हणजे आपली ऋषिपंचमी येते. कारभारातील चूक सहा वर्षांनी का होईना दुरुस्त केल्याची ही लेखी नोंद मला बलश्रीच्या लेखातील पराक्रमाच्या बिरुदांपेक्षा अधिक हलवून जाते.

येथे मोजणीचे दोन नियम पक्के करून घ्यावेत. पहिला असा की, ‘चोविसावे वर्ष’ हे चालू वर्ष असते. तोवर तेवीसच वर्षे पूर्ण झालेली असतात. म्हणून एखाद्या राज्यवर्षावरून पहिले वर्ष काढताना चोवीस नव्हे तर तेवीस वजा करावेत. दुसरा नियम असा की, मिळालेले सर्वांत मोठे राज्यवर्ष ही त्या कारकिर्दीची किमान लांबी आहे. गौतमीपुत्राचे चोविसावे वर्ष सापडले याचा अर्थ त्याने चोवीस वर्षेच राज्य केले असा होत नाही. पुळुमावीचे येथे एकोणिसावे आणि बाविसावे वर्ष सापडते, पण कार्ल्याच्या लेण्यात त्याचे चोविसावे वर्षही आहे. केवळ नाशिक पाहून थांबणारा दोन वर्षे गमावतो.

नावांच्या बाबतीतही काळजी घ्यावी. सातकर्णी हे नाव या घराण्यात अनेकांनी धारण केले, आणि मातृनामही पुरेसे वेगळेपण देत नाही, कारण वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि वासिष्ठीपुत्र सातकर्णी असे दोन राजे होते. लेणे २० मधील सातव्या वर्षाचा लेख गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचा आहे. त्याला लेणे ३ मधील गौतमीपुत्र समजले, तर सगळा क्रम कोसळतो. म्हणून मातृनाम, व्यक्तिनाम आणि बिरुद, तिन्ही पूर्ण लिहावीत.

एका राजापासून दुसऱ्यापर्यंत

आता वाटेत पाहिलेल्या लेणे १० कडे वळावे. हे क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई, दीनिकाचा पुत्र उषवदात याचे दान. त्याच्या लेखांत ४१, ४२ आणि ४५ ही वर्षे येतात, आणि महिन्यांची नावेही येतात: बेचाळिसाव्या वर्षीचा वैशाख, एकेचाळिसाव्या वर्षीच्या कार्तिक शुद्धाची पंधरावी तिथी. तिथी लिहिण्याची ही रीत सातवाहनांहून वेगळी आहे, आणि घराणे ओळखण्याची ती एक खूण आहे. लेखात गोवर्धन येथील श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवल्याची हकिकत आहे, त्यांतील २,००० विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा एक आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण अशा व्याजाने. कालगणनेला हा तपशील लागत नाही, तरी तो वाचल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये, कारण ज्या नगरीची वर्षे आपण मोजत आहोत, तिचा व्यवहार येथे दिसतो.

नहपान आणि गौतमीपुत्र यांत आधीचा कोण, हे दोन स्वतंत्र पुराव्यांनी कळते. बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राला ‘क्षहरातांचा वंश निःशेष करणारा’ म्हटले आहे. दुसरा पुरावा नाण्यांचा. इ.स. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३ हजारांहून मोठा साठा सापडला, आणि त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नाण्यांचा नियम साधा आहे: वरचा ठसा नंतरचा. नहपानाच्या चेहऱ्यावर गौतमीपुत्राचे चैत्यचिन्ह उमटलेले असेल, तर दोघांच्या क्रमाविषयी शंका उरत नाही. शिवाय अठराव्या वर्षीच्या आदेशात उषवदाताकडील शेत ‘आजवर’ त्याच्याकडे होते असे म्हटले आहे, त्यावरून नहपानाचा पाडाव गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाच्या किंचित आधी झाला, असे धरता येते. या एका शेतामुळे दोन घराण्यांच्या मोजण्या एकमेकींना बांधल्या गेल्या आहेत.

गौतमीपुत्र आणि त्याचा मुलगा पुळुमावी यांची वर्षे एकापुढे एक मांडावीत की काही काळ समांतर, हा जुना वाद आहे. पुत्राच्या एकोणिसाव्या वर्षीच्या लेखात पित्याचे एवढे गुणगान का, असे विचारून रा. गो. भांडारकर यांनी दोघांच्या एकत्र राज्याची कल्पना मांडली होती. मला ती पटत नाही. पिता हयात आणि सत्तेवर असता, तर राजाज्ञेची तिथी त्याच्या वर्षात आली असती, आणि येथे ती केवळ पुळुमावीच्या वर्षात आहे. म्हणून मी ही वर्षे एकापुढे एक मांडतो.

खुंटी कोणती

आतापर्यंत दोरी तयार झाली. तिला इसवी सनात बांधण्यासाठी निश्चित वर्ष हवे. पक्की वर्षे क्षत्रपांकडून मिळतात. शकाचे वर्ष इसवी सनात नेताना ७८ मिळवावेत, आणि तिथी जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या काळातील असेल तर ७९. कच्छमधील अंधौ येथील लेखांत चष्टन आणि रुद्रदामन या क्षत्रपांसाठी शक ५२, म्हणजे इ.स. १३० आहे, तेथलाच चष्टनाचा अकराव्या वर्षीचा लेखही सापडला आहे. जुनागढच्या लेखात रुद्रदामनाच्या संदर्भात ७२ वे वर्ष, म्हणजे इ.स. १५० येते, आणि दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला दोनदा जिंकूनही नात्याच्या जवळिकीमुळे उखडून टाकले नाही, असे त्यात म्हटले आहे. परदेशी साक्षही आहे. पहिल्या शतकाच्या मध्यातील ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत नहपानाशी जुळणारे नाव येते. टॉलेमीच्या भूगोलात पैठणला पुळुमावी आणि उज्जयिनीला चष्टन सांगितला आहे, आणि त्यात नाशिकचेही नाव आहे.

आता प्रश्न उरतो तो नहपानाच्या वर्षांचा. जुन्नरच्या लेखात त्याचे ४६ वे वर्ष मिळते. ते शकाचे मानले, तर इ.स. १२४ येते. गौतमीपुत्राचे अठरावे वर्ष त्याच सुमाराचे धरले, तर सतरा वजा करून त्याचे पहिले वर्ष इ.स. १०७ च्या आसपास, आणि चोविसावे इ.स. १३० च्या आसपास पडते. पुळुमावीची मोजणी त्यानंतर लगेच सुरू झाली असे मानल्यास बलश्रीचा लेख इ.स. १४९ च्या सुमारास येतो. बहुतेक पाठ्यपुस्तकांत हीच वर्षे थोड्या फरकाने दिलेली असतात.

दुसरी मांडणी अशी की, नहपानाची वर्षे शकाची नाहीत, ती त्याच्या स्वतःच्या गणनेची आहेत, आणि त्याचा शेवट इ.स. ७८ च्या सुमारास झाला. मग गौतमीपुत्राचे पहिले वर्ष इ.स. ६१ च्या आसपास जाते, आणि बलश्रीचा लेख इ.स. १०३ च्या आसपास. दोन्ही मांडण्यांतले अंतर सगळीकडे ४६ वर्षांचेच राहते, हे स्वतः गणित करून पाहावे. कारण वाद त्या एकाच आकड्याचा आहे, तो ७८ मध्ये मिळवायचा की नाही. त्यामुळे एका राजाचे वर्ष एका मांडणीतून आणि दुसऱ्याचे दुसरीतून कधीही उचलू नये. मला दुसरी मांडणी अधिक सयुक्तिक वाटते. पहिल्या मांडणीत इ.स. १५० ला पुळुमावी गादीवर असतो, आणि रुद्रदामनाने जिंकलेला ‘सातकर्णी’ कोण हे सांगणे कठीण होते. दुसरीत तेथे वासिष्ठीपुत्र सातकर्णी सहज बसतो, ज्याची राणी महाक्षत्रपाची कन्या असल्याचे कान्हेरीचा लेख सांगतो. चष्टनाचे अकरावे वर्ष इ.स. ८९ चे असल्याने टॉलेमीने सांगितलेली समकालीनताही तिच्यात टिकते. तरीही वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी असावेत.

पुराणांच्या याद्या

पुराणांत या घराण्याला आंध्र म्हटले आहे, आणि राजे व त्यांची वर्षे भविष्यकाळात सांगितली आहेत. या याद्या टाकून देऊ नयेत आणि सुरुवातही त्यांच्यापासून करू नये. लेखांवर घासून घ्याव्यात. गौतमीपुत्राला पुराणे २१ वर्षे देतात, पण आपण लेणे ३ मध्ये त्याचे चोविसावे वर्ष वाचले, तेव्हा तो आकडा चुकीचा. पुळुमावीची २८ वर्षे कार्ल्याच्या चोविसाव्या वर्षाशी विसंगत नाहीत. यज्ञ सातकर्णीसाठी काही प्रतींत २९ आणि काहींत १९ वर्षे मिळतात. आंध्रातील चिन्न गंजाम येथे त्याचे सत्ताविसावे वर्ष सापडल्याने १९ बाद होतात.

घराण्याच्या आरंभाविषयी पुराणे स्वतःशीच भांडतात. एकीकडे घराण्याचा पहिला राजा सिमुक याने काण्व घराण्याचा अंत केला असे ती म्हणतात: चंद्रगुप्त मौर्य इ.स.पू. ३२२ च्या सुमाराचा धरून मौर्यांची १३७, शुंगांची ११२ आणि काण्वांची ४५ वर्षे ओळीने वजा केली की इ.स.पू. २८ येते. दुसरीकडे मत्स्यपुराण घराण्याला एकूण ४६० वर्षे देते, आणि शेवट इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात धरून मागे मोजले, तर आरंभ इ.स.पू. तिसऱ्या शतकात जातो. यांतील निवड करताना लेणे १९ मधील कृष्ण राजाची आणि नाणेघाटातील सिमुक, सातकर्णी, नायनिका यांच्या नावांची अक्षरे पाहावी लागतात. ती अशोकाच्या अक्षरांहून स्पष्टपणे नंतरची आहेत. त्यामुळे दीर्घ मांडणी मला स्वीकारता येत नाही.

पुन्हा लेणे १०

उतरण्यापूर्वी लेणे १० च्या अंगणातील भिंतीवरचा एक लेख पाहून घ्यावा. सातवाहनांची सत्ता या भागातून गेल्यानंतरचा तो आहे. माठरीपुत्र ईश्वरसेन या आभीर राजाच्या नवव्या वर्षी, ग्रीष्माच्या चौथ्या पक्षातील तेराव्या दिवशी, विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी श्रेणींकडे ठेव ठेवली, असे त्यात नोंदलेले आहे. तिथी लिहिण्याची रीत सातवाहनांचीच आहे. फरक पुढे घडला. इ.स. २४८-४९ पासून सुरू होणारी, पुढे कलचुरी-चेदी संवत या नावाने ओळखली गेलेली गणना ईश्वरसेनाच्या राज्यवर्षांपासून चालू झाली, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच्यामागून येणाऱ्यांनी नव्याने एक न म्हणता त्याचीच मोजणी पुढे नेली. ते मान्य केल्यास विष्णुदत्तेच्या ठेवीसमोर तिसऱ्या रकान्यात इ.स. २५७ किंवा २५८ लिहिता येते. मात्र लेखात केवळ ‘नववे संवत्सर’ आहे, म्हणून पहिल्या रकान्यात तेवढेच लिहावे.